परदेशी पीएच.डी.: आधी प्रश्न, मग विद्यापीठ

मानव्यविद्यांमध्ये परदेशी पीएच.डी. करायची असेल आणि स्वतःच्या खिशातून पैसे घालायचे नसतील, तर अर्ज कसा करावा? या विषयावर प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातली चार इथे घेतली आहेत: आधी पत्र, मग माझं उत्तर. मी इतिहासाची. डॉक्टरेट परदेशात केली, पुढे तिथेच शिकवलं आणि विभागाच्या प्रवेश समितीवर बसून अर्ज वाचले. खाली जे सांगते आहे, ते मुख्यतः टेबलाच्या त्या बाजूने पाहिलेलं आहे.

ताई, मी इतिहासात एम.ए. केलंय. सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या छापील पुस्तकांवर काम करायचंय. अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी लिहिलेली एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे कशावर आणि का संशोधन करायचंय ते सांगणारं निवेदन) सोबत जोडली आहे. तिघांनी वाचून ‘छान आहे’ म्हटलं, पण मला स्वतःला ती पटत नाही. काय बदलू? आणि जीआरई, म्हणजे तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, द्यावीच लागते का?

तुला पटत नाही, हे तुझं बरोबर आहे. तुझी एसओपी दोन पानांची आहे. पहिला परिच्छेद लहानपणापासूनच्या वाचनवेडाचा. दुसऱ्यात मुद्रणकलेने युरोपचा चेहरामोहरा कसा बदलला ते. तिसऱ्यात सात प्राध्यापकांची नावं आणि प्रत्येकापुढे ‘यांच्या मार्गदर्शनाखाली काम करायला आवडेल’. हे तिन्ही परिच्छेद दुसऱ्या कुणाच्याही अर्जात जसेच्या तसे बसतील. जानेवारीत एकामागून एक अर्ज वाचणारा माणूस असे परिच्छेद डोळ्यांखालून घालतो आणि पुढे सरकतो. त्यात दुष्टपणा नसतो. त्याला त्या आठवड्यात असे अनेक अर्ज संपवायचे असतात.

आणि मग दुसऱ्या पानाच्या तळाशी, जवळजवळ माफी मागितल्यासारखी, तू दोन वाक्यं लिहिली आहेस. एम.ए.च्या प्रबंधासाठी डिजिटल प्रती चाळताना तुला एकाच आवृत्तीच्या दोन प्रती सापडल्या आणि त्यांतली शुद्धिपत्रं वेगवेगळी निघाली. शिवाय एका प्रतीत कुणीतरी शुद्धिपत्रातली प्रत्येक दुरुस्ती शाईने मजकुरात उतरवून घेतली आहे, शेवटची तीन पानं सोडून.

अगं, हाच तुझा अर्ज आहे! तिथे मी पेन खाली ठेवलं. त्या काळी छपाई चालू असतानाच चुका दुरुस्त होत, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, हे तुला माहीतच आहे. पण तुझ्या डोक्यात त्यापुढचा प्रश्न घोळतोय, तो कागदावर आलेला नाही. चूक कोणती, हे ठरवायचं कुणी? लेखकाने, छपाईचे खिळे जुळवणाऱ्याने, छापखान्यातल्या मुद्रितशोधकाने, की घरी बसून शाईने दुरुस्त्या करणाऱ्या त्या वाचकाने? मजकुरावर शेवटचा शब्द कुणाचा, हा प्रश्न दुरुस्त्या न केलेल्या त्या तीन पानांमधून विचारता येतो. एवढं दिसलं की समितीतल्या माणसाला तुझ्याशी बोलावंसं वाटतं.

तेव्हा सुरुवात त्या दोन प्रतींपासून कर. पहिल्या चार-पाच ओळींत त्या प्रती, त्यांतला फरक आणि त्यातून उठणारा प्रश्न. पुढे या प्रश्नावर आजवर कुणी काय म्हटलंय आणि तुला ते कुठे अपुरं वाटतं, हे थोडक्यात. मग तुझी तयारी: लॅटिन किती येतं, इटालियन कुठवर आलंय, जुनी अक्षरवळणं वाचता येतात का. जे येत नाही त्याबद्दल गप्प बसू नकोस. ते कसं आणि कधी शिकणार ते लिही. अमेरिकेत पहिली साधारण दोन वर्षं कोर्सवर्क असतं आणि त्यातच भाषा शिकून परीक्षा द्यायची सोय असते, त्यामुळे समितीला आजच सगळं पक्कं हवं असतं असं नाही. वाट ठरलेली आहे का, एवढंच ते पाहतात.

सात नावांची दोन कर, फार तर तीन. त्यासाठी विभागाच्या वेबसाइटवरचा फोटो आणि चार ओळींचा परिचय पुरणार नाही. ती व्यक्ती निवृत्त झाली आहे का, रजेवर आहे का, नवे विद्यार्थी घेते का, गेल्या काही वर्षांत तिच्या हाताखाली कोणते प्रबंध झाले, हे सगळं बघ. तिचा एखादा ताजा लेख वाच आणि तुझा प्रश्न त्याला कुठे भिडतो ते एका वाक्यात सांग. आणखी एक: तुझ्या विषयात ग्रंथालयही गाइडइतकंच मोलाचं. शिकागोतलं न्यूबेरी, वॉशिंग्टनमधलं फोल्जर, हार्वर्डचं हॉटन, येलचं बायनेकी इथे त्या काळातली छापील पुस्तकं मुबलक आहेत. ‘अमुक संग्रहातल्या प्रती मला हाताळायच्या आहेत’ हे वाक्य ‘या विद्यापीठाची परंपरा थोर आहे’ या वाक्यापेक्षा किती तरी बोलकं.

आता रायटिंग सॅम्पल, म्हणजे तुझ्या संशोधनलेखनाचा नमुना. त्याबद्दल तू पत्रात अक्षरही लिहिलेलं नाहीस, आणि माझी खरी काळजी तीच आहे. बहुतेक विभाग पंधरा ते पंचवीस पानं मागतात. पहिल्या चाळणीत एसओपी, गुणपत्रकं आणि शिफारसपत्रं बघितली जातात. मोजके अर्ज उरले, दोघांतला एक निवडायचा झाला आणि समितीत एकमत होईना, की सगळे रायटिंग सॅम्पलकडे वळतात. एसओपीत माणूस काय करणार ते सांगतो, सॅम्पलमध्ये त्याने काय केलंय ते दिसतं. तेव्हा सर्वांत जास्त गुण मिळालेला निबंध पाठवण्यापेक्षा शुद्धिपत्रांवरचं प्रकरण पाठव, जरी ते आज कच्चं असलं तरी. पुढचे दोन महिने एसओपीऐवजी त्यावर घाल. एखाद्या पुराव्याचं बारीक वाचन, त्यातून निघणारा युक्तिवाद आणि नीट दिलेल्या तळटीपा एवढं त्यात हवं.

जीआरईचं विचारलंयस. मानव्यविद्यांतल्या अनेक विभागांनी ती मागणं बंद केलंय. इंग्रजी साहित्याची विषयवार जीआरई तर २०२१ मध्ये बंदच झाली. पण नियम विभागागणिक बदलतो, एकाच विद्यापीठात इतिहासाचा वेगळा आणि तत्त्वज्ञानाचा वेगळा, म्हणून प्रत्येक पान स्वतः उघडून बघ. अर्जाची फी बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या आगेमागे असते. दहा ठिकाणी भरायची तर मोठा खड्डा पडतो, पण अनेक विद्यापीठं फी माफ करतात. त्यासाठीचा अर्ज मात्र डेडलाइनच्या आधी द्यावा लागतो. मागायला लाजू नकोस.

आणि त्या तिघांऐवजी, तुझ्या विषयातलं काहीही न कळणाऱ्या एका हुशार माणसाला ही नवी एसओपी वाचायला दे. वाचून झाल्यावर ‘माझा प्रश्न काय आहे, सांग’ एवढंच विचार. त्याला सांगता आला नाही, तर पुन्हा लिही.

मला ब्रिटनमधल्या एका नामांकित विद्यापीठात साहित्याच्या पीएच.डी.साठी प्रवेश मिळालाय, पण स्कॉलरशिप मिळाली नाही. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. अशी संधी पुन्हा येणार नाही, असं सगळे म्हणतात. जाऊ का?

नको. मानव्यविद्यांमध्ये फंडिंगशिवाय आलेलं प्रवेशपत्र मी होकार धरत नाही. तुझ्यावर विश्वास आहे म्हणूनच इतकं रोखठोक सांगते. तीन-चार वर्षांची परदेशी विद्यार्थ्यांची फी, राहण्याचा खर्च, आणि पुढे ज्या क्षेत्रात कायमच्या प्राध्यापकीच्या जागा मुळातच थोड्या, तिथे ते कर्ज फेडायचं! प्रबंध लिहिताना डोक्यावर असं ओझं घेतलेली मुलं मी जवळून पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कुठेही कमी नव्हती. वेळ मात्र हप्त्यांसाठीच्या नोकऱ्यांमध्ये गेला.

पण तुझ्या हातात काहीच नाही असंही नाही. अमेरिकेत चांगल्या विभागांत प्रवेश आणि पैसा एकाच पत्रात येतात. ब्रिटनमध्ये या दोन वेगळ्या वाटा आहेत, वेगवेगळे लोक निर्णय घेतात. तुझं काम एका बाजूला पसंत पडलंय, हे खरंच आहे. तेव्हा विभागाला आणि होणाऱ्या गाइडला आजच लिही: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि पुढच्या फेरीत फंडिंगसाठी माझं नाव कुठे कुठे जाऊ शकेल? ढकलता आला नाही तर नव्याने अर्ज कर, पण या वेळी डेडलाइन फंडिंगची धर. तिथे प्रवेशाची शेवटची तारीख पुष्कळदा नंतरची असते, आणि तोवर स्कॉलरशिपची दारं लागलेली असतात. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन स्कॉलरशिपसाठी वेगळा अर्जच नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या मुदतीत प्रवेशाचा अर्ज पोचला की तुमचा विचार आपोआप होतो, आणि मुदत चुकली की होत नाही. केंब्रिज विद्यापीठाची गेट्स केंब्रिज स्कॉलरशिप २००० मध्ये सुरू झाली, ती ब्रिटनबाहेरच्या नागरिकांसाठीच आहे, आणि तिथे प्रवेशाच्या अर्जातच तिचा वेगळा भाग भरावा लागतो. ब्रिटनच्या सरकारी संशोधन परिषदांचा पैसा पूर्वी परदेशी विद्यार्थ्यांना जवळजवळ मिळतच नसे. २०२१ पासून तो खुला झाला, पण दर वर्षीच्या जागांपैकी साधारण तीस टक्क्यांपर्यंतच. या पैशातून फी स्थानिक दराने भरली जाते. परदेशी विद्यार्थ्याच्या फीमधला वरचा फरक विद्यापीठ माफ करतं की नाही, हे विचारून घ्यायला विसरू नकोस. अनेक विद्यापीठं करतात.

‘फुल फंडिंग’ हे शब्द दिसले तरी पत्र बारकाईने वाच. हे अमेरिकेला अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच सांगते. फी पूर्ण माफ आहे का? स्टायपेंड, म्हणजे निर्वाहभत्ता, नऊ महिन्यांचा की बारा? उन्हाळ्यात काय? आरोग्यविमा त्यात धरलाय का? किती वर्षांची हमी, पाच की सहा, आणि प्रबंध रेंगाळला तर पुढे काय? शिकवण्याचं काम कितव्या वर्षापासून आणि आठवड्याला किती तास? हे सगळं विभागाच्या कार्यालयाला विचार, पण तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही विचार. त्या शहरात त्या पैशांत भागतं का, हे खरं तोच सांगेल. स्टायपेंडचा पहिला हप्ता तू तिथे पोचल्यानंतर काही आठवड्यांनी हातात पडतो आणि घराचं डिपॉझिट मात्र आधी द्यावं लागतं, हेही तोच सांगेल.

दोन-तीन होकार आले, तर घाईने उत्तर देण्याचा दबाव घेऊ नकोस. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या पदव्युत्तर शिक्षणाच्या संघटनेच्या ठरावावर सह्या केल्या आहेत. त्यानुसार आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा असते.

सध्याचा काळ कठीण आहे, तेही लपवत नाही. बॉस्टन युनिव्हर्सिटीने २०२४ च्या नोव्हेंबरात मानव्य आणि सामाजिक शास्त्रांतल्या डझनभर पीएच.डी. अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश पुढच्या वर्षासाठी थांबवले. २०२५ मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीनेही मानव्य विभागांतल्या अनेक अभ्यासक्रमांचे प्रवेश थांबवले. म्हणून फी भरण्याआधी विभाग या वर्षी विद्यार्थी घेतोय का, ते बघ. आणि नकार आला तर तो दर वेळी तुझ्या कामाचा निकाल असतो असं समजू नकोस. आम्ही चांगले अर्ज नाकारले आहेत, कारण जागाच नव्हती, किंवा त्या विषयाचा गाइड पुढच्या वर्षी नसणार होता. हे पत्रात कधी लिहिलं जात नाही.

मी अडतीस वर्षांची आहे. महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवते. नवरा आणि सात वर्षांचा मुलगा आहे. आता परदेशी पीएच.डी.चा विचार करणं वेडेपणाचं आहे का? आणि कोणता देश बघू?

अजिबात वेडेपणाचं नाही. बरीच वर्षं शिकवलेल्या माणसाच्या प्रश्नांना धार असते, आणि समितीत हे ओळखणारे लोक असतात. वयाचा थेट अडसर बहुतेक ठिकाणी नाही, पण काही स्कॉलरशिपना शेवटच्या पदवीपासूनची वर्षं मोजतात. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची डॉक्टरेटची स्कॉलरशिप साधारणपणे सहा वर्षांच्या आतली पदवी मागते. तेव्हा तिच्या अटी आधी वाचा, नाहीतर महिनाभराची मेहनत फुकट जाईल.

तुमच्या परिस्थितीत मी आधी उत्तर युरोप आणि नेदरलँड्स बघेन. तिथे पीएच.डी. ही बहुतेकदा नोकरीच असते: करार, पगार, रजा, बाळंतपणाची रजासुद्धा. नॉर्वेत तीन वर्षं, किंवा चौथा हिस्सा वेळ शिकवण्यात घालून चार. स्वीडनमध्ये संशोधनाची चार, शिकवणं धरून पाचपर्यंत. नेदरलँड्समध्ये साधारण चार. या जागा जाहिरात काढून भरतात. नॉर्वेच्या जॉबनॉर्गे, नेदरलँड्सच्या अकॅडमिक ट्रान्सफर आणि युरोपीय संघाच्या युरॅक्सेस या साइटवर त्या येतात. वर्षाचा ठरलेला एकच मोसम नसल्यामुळे आठवड्यातून एकदा नजर टाकायची सवय लावा. एक गोष्ट मात्र तपासा. पुष्कळ जागा आधीच मंजूर झालेल्या प्रकल्पात असतात. त्यात प्रकल्पाचा विषय तुमच्या प्रश्नाला किती जागा देतो हे कळायला हवं. जाहिरातीत नाव दिलेल्या व्यक्तीला नेमका प्रश्न विचारणारी मेल केलेली चालते, आवडतेसुद्धा. युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पीएच.डी.च्या योजनेत तर वयाची अट नाही. ज्या देशात जायचं, तिथे आधीच्या छत्तीस महिन्यांत बारापेक्षा जास्त राहिलेलं नसावं, एवढं असतं.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत डॉक्टरेटला फी नाही, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. नोकरीची जागा मिळाली तर पगार सरकारी श्रेणीने, पण मानव्यविद्यांत ती पुष्कळदा अर्धवेळ किंवा पासष्ट टक्के असते. तिघांच्या घराला तो पुरेल का, याचा हिशेब करूनच बघा.

घरच्यांच्या व्हिसाचा विचार अर्जाच्या आधी करा, प्रवेश मिळाल्यावर नव्हे. अमेरिकेत विद्यार्थ्याचा व्हिसा एफ-१ असेल तर जोडीदाराला काम करता येत नाही. देवाणघेवाण कार्यक्रमाचा जे-१ असेल तर जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणायची मनाई केली, पण पीएच.डी.ला ती लागू नाही. नवऱ्याने दोन-चार वर्षं घरी बसायचं की काम करायचं, हा तुमच्या संसारातला मोठा निर्णय आहे, आणि तो व्हिसाच्या एका अक्षरावर अवलंबून असू शकतो. दोघांनी मिळून हे आजच बोलून घ्या.

तत्त्वज्ञानातला तुमचा प्रश्न काय आहे, हे मात्र पत्रात नाही. तो कळवा. देशांची यादी त्यानंतर निम्मी होईल.

माझ्या सरांकडे शिफारसपत्र मागितलं तर ते म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ दुसरे सर मेलला उत्तरच देत नाहीत. डिसेंबरच्या डेडलाइन आहेत. काय करू?

स्वतःचं पत्र स्वतः लिहू नकोस. नियमाचा प्रश्न आहेच, पण त्याने तुझं नुकसानही होतं. विद्यार्थ्याने लिहिलेलं पत्र ओळखू येतं: मेहनती, वक्तशीर, होतकरू अशी विशेषणं भरपूर, आणि वर्गात घडलेली एकही गोष्ट नाही. एसओपी आणि पत्र एकाच हाताने लिहिलेलं वाटलं, तर तुझ्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

सर असं म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा वेळ नसतो आणि तुझं काम नीट आठवतही नसतं. ती अडचण दूर कर. एका पानावर लिहून दे: त्यांच्याकडे कोणते पेपर केले, निबंधाचा विषय काय होता, त्यांनी कोणता शेरा दिला होता, तुमचा मतभेद कुठे झाला आणि पुढे तू मत बदललंस का, आता काय करायचंय. सोबत तो निबंध आणि एसओपीचा मसुदा जोड. ‘सर, यातलं जे योग्य वाटेल ते तुमच्या शब्दांत लिहा’ असं सांग. बहुतेक जण एवढं हातात आल्यावर लिहितात.

शिफारसपत्राची लिंक विद्यापीठाकडून सरळ सरांच्या मेलवर जाते, कित्येकदा स्पॅममध्ये पडते. म्हणून कोणत्या दिवशी कुठून मेल येईल, याची यादी त्यांना आधी दे. अमेरिकेच्या अर्जात ‘हे पत्र पुढे बघण्याचा हक्क मी सोडतो’ असा पर्याय असतो, तो निवड. पत्र गोपनीय असलं की वाचणाराही त्यावर जास्त भरवसा ठेवतो.

दुसऱ्या सरांना आणखी एकदा मेल कर, जमलं तर समक्ष भेट, आणि दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर तिसरी व्यक्ती शोध. मोठ्या नावामागे धावू नकोस. ज्या तरुण मॅडमनी तुझा प्रबंध ओळीओळीने तपासला, त्यांचं दोन पानी पत्र विभागप्रमुखांच्या चार ओळींपेक्षा केव्हाही चांगलं. डेडलाइन १ डिसेंबर असेल, तर सगळ्यांना १५ नोव्हेंबर सांग. आठवणीची पहिली मेल १० नोव्हेंबरला, दुसरी २० ला, आणि पत्र पोचल्याची खूण पोर्टलवर दिसली की त्याच दिवशी आभाराची.